एका छपराखालचे वकील

"दोन वकील एका डबीतली सुपारी खाले लागले, का समजावं, आपलं वावर गेलं."

आमच्या घरात हे वाक्य सत्तर वर्षे म्हणीसारखे नांदते आहे. ते माझ्या आजोबांचे. आमचे पातूर अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. गावाबाहेर विहिरीकाठी आमचे अकरा एकरांचे वावर होते. चुलत्याने केलेल्या एका जुन्या खरेदीखतावरून त्याचा वाद निघाला आणि १९५४ साली आजोबा प्रतिवादी म्हणून अकोल्याच्या दिवाणी कोर्टाची पायरी चढले. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि वरचे कोर्ट नागपूरला. दमणी जुंपून रात्री निघायचे, सकाळी अकोला गाठायचे, कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली भाकरी सोडायची आणि पुकाऱ्याची वाट पाहायची.

अशाच एका तारखेला कोर्टात त्यांचा वकील आणि समोरच्याचा वकील असे भांडले की, आजोबांना वाटले, आता हातघाईवर येतात. बाहेर आल्यावर पाहतात तो दोघेही निंबाखाली एका बाकावर बसून एकाच डबीतली सुपारी कातरीत हसत आहेत. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी बैल जुंपले, घर गाठले आणि पुन्हा त्या कोर्टात पाऊल टाकले नाही. निकाल एकतर्फी लागला. वावर गेले.

त्या दिवशी दमणीत आजोबांच्या मांडीशी बसलेला आठ वर्षांचा मुलगा म्हणजे माझे वडील. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. यंदा माझ्या धाकट्या मुलीने बारावीनंतर वकिली शिकायची असे जाहीर केले, तेव्हा ते झोपाळ्यावरून उठले, तीच म्हण एकदा म्हणाले आणि आत निघून गेले. आठ दिवस ते नातीशी बोलले नाहीत.

मी कादंबऱ्या लिहिणारा, मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. कायद्यातले मला काय कळणार? पण घरातली कोंडी फोडायची तर वाचण्यावाचून दुसरा उपाय मला येत नाही. म्हणून उन्हाळाभर मी वकिलांचा इतिहास वाचला. सुरुवात अर्थातच आपल्या वऱ्हाडापासून केली.

पूर्वीच्या वऱ्हाडात वकिलाचे ऑफिस म्हणजे त्याच्या वाड्यातली बैठक. लोड, तक्के, पानाचे तबक, कोपऱ्यात लेखणी कानावर ठेवलेला कारकून आणि ओसरीवर पागोटी गुडघ्यावर ठेवून बसलेले अशील. दत्तकाचा वाद असो, सावकाराची फिर्याद असो, धुऱ्यावरून झालेली डोकेफोड असो, सगळी प्रकरणे त्याच एका बैठकीत यायची. अमरावतीच्या अशा तीन बैठकांची नावे देशभर गेली. दादासाहेब खापर्डे, रावबहादूर मुधोळकर आणि मोरोपंत जोशी या त्या तीन असामी. खापर्डे १८९० साली सरकारी नोकरी सोडून अमरावतीस वकिली करू लागले. त्यांचा थाट असा की, लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. ते टिळकांच्या पक्षाचे, तर मुधोळकर आणि जोशी मवाळ. व्यासपीठावर ही मंडळी एकमेकांना सोडीत नसत. तरी १८९७ साली अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि गावच्या या वकिलांनी एकत्र कंबर बांधली होती. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्याच्या खटपटीसाठी हेच खापर्डे चालती वकिली सोडून विलायतेस गेले. तेथे यश आले नाही. दोन वर्षांनी, १९१० साली, ते परत आले. मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या घरातला एक धागा पुढे दिल्लीपर्यंत जातो. तो थोडा वेळ हातात धरून ठेवावा.

आता मुंबई. वकिलीची खरी शाळा तेथे होती आणि तिचे नाव चेंबर. ही रीत विलायतेची. लंडनमध्ये लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन अशा चार जुन्या संस्था आहेत. तेथे परीक्षांबरोबर ठराविक पंगती जेवल्याखेरीज बॅरिस्टर होता येत नसे. गांधीजी इनर टेंपलचे, जिना लिंकन्स इनचे, डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे. बॅरिस्टर झाल्यावर माणूस एखाद्या चेंबरात जागा धरी. चेंबर म्हणजे पेढी नव्हे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पेढीत नफातोटा वाटून घेतात. चेंबरात छप्पर एक, कारकून एक, पुस्तकांची कपाटे एक. पण प्रत्येकाचे अशील वेगळे, फी वेगळी आणि जबाबदारीही ज्याची त्याची. म्हणून एकाच चेंबरातले दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहू शकतात. त्यात लबाडी नाही. ती त्या व्यवसायाची जुनी रीतच आहे.

मुंबई हायकोर्टात या रीतीला आणखी एक दार होते. अशिलाने थेट कौन्सेलकडे जायचे नाही. सॉलिसिटरने अशिलाचे म्हणणे ऐकायचे, कागद बांधायचे आणि ब्रीफ कौन्सेलकडे पाठवायचे. सॉलिसिटर ज्याला ओळखतो त्याची चूल पेटते. या दाराने एका थोर माणसाला बाहेर ठेवले, हेही येथे सांगितले पाहिजे. आंबेडकर १९२३ साली बॅरिस्टर म्हणून मुंबईत उभे राहिले, तेव्हा जातीमुळे सॉलिसिटरांकडून त्यांना कामे मिळेनात. त्यांनी खालच्या कोर्टांतली, गरिबांची कामे घेतली. परळच्या दामोदर हॉलमधले त्यांचे ऑफिस हेच त्यांचे चेंबर. जेधे, जवळकर यांना 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात झालेली शिक्षा १९२६ साली त्यांनीच अपिलात रद्द करवून घेतली. एवंच, चेंबरचा लौकिक गाताना, त्याचे दार कोणाला उघडे होते हेही विचारावे.

मुंबईच्या चेंबरांत लौकिक मोठा तो सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरचा. कांगा १८७५ सालचे. १९२२ ते १९३५ ते मुंबईचे अॅडव्होकेट जनरल होते आणि त्यानंतरही १९६९ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या नावाचा दबदबा राहिला. तेथे बसणारे बहुतेक विलायतेस न गेलेले, इथलेच अॅडव्होकेट. पण रीत तीच. नवशिक्याला पगार नाही. त्याने वडीलधाऱ्याचे कागद वाचायचे, टिपणे काढायची, कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि एक दिवस पायावर उभे राहायचे.

आणि काय माणसे उभी राहिली! नानी पालखीवाला प्राप्तिकराच्या कायद्यात असे मुरले की, १९५० साली कांगा आणि पालखीवाला या जोडनावाने निघालेला ग्रंथ त्या विषयाचा आधारग्रंथ ठरला. होमी सीरवाई राज्यघटनेचे भाष्यकार झाले. १९५७ ते १९७४ ते महाराष्ट्राचे अॅडव्होकेट जनरल होते, आणि १९६७ साली निघालेला त्यांचा घटनेवरचा ग्रंथ न्यायाधीशही उघडून पाहत. रंगूनला जन्मलेले फली नरीमन लवादाच्या कामात जगभर ओळखले गेले. सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल असताना १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. सोली सोराबजी वृत्तपत्र-स्वातंत्र्याचे वकील. आणीबाणीतच मिनू मसानींची बाजू मांडून त्यांनी मुंबई हायकोर्टात सेन्सॉरविरुद्ध निकाल मिळवला, आणि पुढे दोनदा ते देशाचे अॅटर्नी जनरल झाले. कर, घटना, लवाद, वृत्तपत्रे, इतक्या वाटा एका छपराखालून निघाल्या. आमच्या गावात एका निंबावर पाच जातींचे पक्षी वस्तीला येतात, त्याची मला आठवण झाली.

आता मघाचा धागा. रावबहादूर मुधोळकरांचे चिरंजीव न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर १९६० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६४ साली सज्जनसिंगच्या खटल्यात, जमिनीच्या कायद्यांवरून, घटनादुरुस्तीचा प्रश्न आला. निकालाशी सहमत होऊनही मुधोळकरांनी एक शंका लिहून ठेवली. घटनेची काही मूलभूत लक्षणे असतील, तर ती बदलणे याला दुरुस्ती म्हणायचे, की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे? वऱ्हाडच्या वकिलाच्या मुलाने पेरलेले ते बी होते.

नऊ वर्षांनी ते उगवले. केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमिनीच्याच कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खटला वाढत वाढत संसदेच्या अधिकारापर्यंत पोचला. तेरा न्यायाधीश बसले आणि अडुसष्ट दिवस युक्तिवाद चालला. स्वामींच्या बाजूने पालखीवाला, त्यांच्या मदतीला सोराबजी. केरळ सरकारच्या बाजूने सीरवाई. म्हणजे कांगांच्या चेंबरात वाढलेली माणसे दोन्ही अंगांना! २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरले की, संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. सीरवाई हरले. पण आणीबाणी पाहिल्यानंतर त्यांनी आपल्याच ग्रंथात, तो सिद्धान्त योग्य होता, असे मानले. जिंकण्यापेक्षा हे मला मोठे वाटते. ज्याने जीव तोडून एक बाजू मांडली, त्यालाच दुसऱ्या बाजूचे वजन कळते.

हे सगळे मी दसऱ्याच्या संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "त्या दोघातला खरा कोण होता?"

"दोघंही," मी म्हणालो. "आपापल्या अशिलाशी."

ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक काढायला सांगितली. तळाशी सुतळीने बांधलेली तीन पोस्टकार्डे होती, आमच्या त्या वकिलाने पाठवलेली. तिन्हींवर तारीख कळवली होती. दुसऱ्यावर लिहिले होते, साक्षीला अवश्य यावे. तिसऱ्यावर, फीची काळजी करू नये, पण यावे.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"मीच त वाचून दाखोली होती बुढ्याले," ते म्हणाले. "तिसरीत होतो मी. बुढा म्हणे, ठेव ट्रंकेत."

त्या वकिलाने आजोबांशी दगा केला नव्हता, असे ही तीन कार्डे मला सांगतात. आजोबाही वेडे नव्हते. ज्याचे वावर पणाला लागले आहे त्याला दोन वकिलांचे हसू कसे दिसते, हे निंबाखालच्या बाकावरून दिसत नाही. ते दमणीतून दिसते. तो वकील बाकावरून उठून दहा पावले चालून आला असता आणि दोन वाक्ये बोलला असता, तर अकरा एकर राहिले असते की नाही, ते देव जाणे; पण ही म्हण तरी आमच्या घरात जन्मली नसती. चेंबर कितीही नावाजलेले असो, त्याच्या लौकिकाची शेवटची पावती ओसरीवर बसलेल्या अशिलाकडेच असते.

वडिलांनी नातीला हाक मारली. त्या अबोल्यानंतर पहिल्यांदाच. पोस्टकार्डे तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "होय वकील. दुसऱ्या वकिलासंग च्या बी पी, सुपारी बी खाय. फक्त आंधी आपल्या माणसापाशी जाय, अन त्याले समजावून सांग."