बेलपाड्याहून मेंदूच्या पृष्ठभागाकडे

बेलपाडा मेट्रो स्थानकाच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. काळ मागे सरकू लागतो. नोव्हेंबर २०२३ ओलांडताच मेट्रो नाहीशी होते, खारघरच्या इमारती मजल्यामजल्याने उतरू लागतात. स्वतःच्या जन्माशी थांबू नका. आणखी सहा महिने मागे या, आईच्या पोटात.

इथे तुम्ही एक पेशी आहात. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीलगत नुकतीच जन्मलेली चेतापेशी. समोर ग्लिया पेशीचा लांब तंतू थेट पृष्ठभागाकडे गेलाय. त्याला बिलगून वर चढायचं आहे. डायनिन हे मोटर-प्रथिन तुमचं जड केंद्रक पुढे ओढतं. लिस-१ हे प्रथिन त्याला धरून राहतं, म्हणूनच ते ओझं पेलतं. लिस-१ कमी पडलं, तर बाळाचा मेंदू वळ्यांविना गुळगुळीत राहतो.

वरच्या थरातल्या पेशी रीलिन हे प्रथिन सोडताहेत. ते ओळखणारे रिसेप्टर तुमच्या आत घडतात आणि पुटिकांत भरून, सूक्ष्मनलिकांवरून पेशीपटलाकडे नेले जातात. ते तिथे पोचलेच नाहीत, तर भोवती कितीही रीलिन असो, तुम्ही बहिरे! रीलिन चिकटलं, की रिसेप्टरच्या आतल्या टोकाला धरून असलेल्या डॅब-१ प्रथिनावर फॉस्फेट चढतं आणि निरोप आत पोचतो.

मला विलक्षण वाटतं ते यापुढचं. काम झालेलं डॅब-१ पेशी स्वतःच मोडून टाकते. उंदरांच्या पेशींत ही मोडतोड घडवणारं कल-५ प्रथिन काढून टाकलं, तेव्हा त्या आपली जागा ओलांडून पुढे गेल्या. थांबणंसुद्धा प्रथिनांना घडवावं लागतं.

आता १९५१ चं एडिनबर्ग. जनुकशास्त्रज्ञ डग्लस फाल्कनर लटपटत चालणाऱ्या उंदरांचं वर्णन करताहेत. या उंदरांच्या मेंदूतले थर विस्कटलेले असतात. त्यामागचं रीलिनचं जनुक सापडायला १९९५ उजाडेल. फाल्कनरांच्या वर्णनानंतर वर्षभराने, १९५२ मध्ये, इकडे परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली कर्करोग संशोधन केंद्र उभं राहतं. त्याच संस्थेचा वारसा आज अ‍ॅक्ट्रेकच्या रूपाने खारघरात आहे.

आजच्या खारघरात परत या. अ‍ॅक्ट्रेकमध्ये मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठीवर उपचार आणि संशोधन चालतं. या गाठीच्या एका गटाचा उगम लहान मेंदूतल्या अशा पूर्वपेशींत असतो, ज्यांनी विभाजन थांबवून आत स्थलांतर करायला हवं होतं, पण त्या विभाजित होतच राहिल्या. गाठ कोणत्या गटातली, हे जनुकांच्या चाचणीतून कळतं. मुलाला किती किरणं द्यायची, हे ठरवताना डॉक्टर तो गट पाहतात.