पर्यावरणपूरक रमजान

पर्यावरणपूरक रमजान म्हणजे पाणी, अन्न व वस्तू यांचा अपव्यय टाळून रमजान महिना पाळण्याची पद्धत होय. कुरआनात उधळपट्टी निषिद्ध मानली आहे. हदीसनुसार पैगंबर मुहंमद एक मुद, म्हणजे एक लिटरहूनही कमी पाण्यात वजू करीत. इस्तंबूल येथे २०१५ मध्ये हवामानबदलाविषयीचा इस्लामी जाहीरनामा प्रसिद्ध झाला.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. २०१८ मध्ये तो मे-जूनमध्ये आला होता. पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ ज्या दौंड तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील रमजानात पाण्याची काटकसर विशेष महत्त्वाची ठरते. वाहत्या नळाऐवजी लोट्यातील पाण्याने वजू करणे, हा त्याचा सोपा उपाय होय.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलची ताटे व पेले यांवर बंदी आहे. सामूहिक इफ्तारसाठी स्टीलची भांडी किंवा पानांच्या पत्रावळी वापरता येतात. गरजेपुरतेच शिजवणे, उरलेले अन्न वेळीच वाटणे आणि फळांच्या सालींचे खत करणे, यांमुळे कचरा घटतो. उपवासातील संयम अशा रीतीने सूर्यास्तानंतरच्या व्यवहारातही पाळला जातो.