त्रिकोणांची दिशा

स्वच्छ काचेतून लाल किरण लाल म्हणूनच बाहेर पडतो, हा आपला युगानुयुगांचा अनुभव. या अनुभवाला १९६१ साली छेद गेला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर किरण क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला, तेव्हा पलीकडे निम्म्या तरंगलांबीचा अदृश्य, अतिनील प्रकाश किंचित उमटला. छायाचित्रातील त्याचा ठिपका इतका पुसट होता की, छपाईच्या वेळी डाग समजून तो काढून टाकला गेला, असे सांगतात. अरेषीय प्रकाशशास्त्राचा आरंभ हा असा झाला.

ही किमया प्रत्येक स्फटिकाला साधत नाही. कॅल्साइटचेच पाहा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही तो सापडतो. त्यात एक कार्बन व तीन ऑक्सिजन यांचे सपाट त्रिकोण थरांनी रचलेले असतात. परंतु एका थरातील त्रिकोणांचे तोंड एकीकडे, तर पुढच्या थरातील त्रिकोणांचे नेमके उलट. साहजिकच एकाचा प्रभाव दुसरा पुसून टाकतो. सारे त्रिकोण एका दिशेला वळले, तरच त्यांचे बळ एकवटते.

चीनमधील चेन चुआंगतियान यांनी बोरॉनच्या अशाच सपाट रचनांचा अभ्यास करून उत्तम स्फटिक घडविले. त्यांपैकी एकाने १७७.३ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली. मात्र त्यात बेरिलियम होते. या धातूच्या संयुगांची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. प्रकाशाची किंमत कामगारांच्या श्वासाने मोजावी काय, हा प्रश्न आम्हांस केवळ रसायनशास्त्राचा वाटत नाही.

उत्तराचा एक मार्ग पुन्हा कार्बोनेटकडेच वळला. चीनच्या फुजियान प्रांतातील संशोधकांनी २०११ साली कार्बोनेटला फ्लोरीनची जोड दिली आणि पोटॅशियमच्या जागी रुबिडियम वा सीझियम, कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम वा बेरियम असे धातू बदलून पाहिले. शेजारचा धातू बदलला की त्रिकोणांची मांडणीही बदलते, हे त्यांतून दिसून आले. २०१३ साली त्यांनी लुटेशियम या दुर्मिळ मृदा-धातूची योजना करून सोडियमयुक्त दोन नवे फ्लोराइड-कार्बोनेट सिद्ध केले. या वर्गातील अनेक धातू आपल्या अपुऱ्या इलेक्ट्रॉन-कक्षेमुळे काही प्रकाश शोषून घेतात. लुटेशियमची ती कक्षा पूर्ण भरलेली असल्याने अतिनील किरणांची वाट मोकळी राहते.

अडचणी संपल्या असे मात्र नव्हे. फार तापविल्यास कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणून असे काही स्फटिक बंद पात्रात, दाबाखालील तप्त पाण्यात वाढविले जातात. त्यांचे मोठे, निर्दोष खडे मिळविणे हे धीराचे काम आहे.

या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट जाणवते. त्रिकोण कॅल्साइटमध्येही होतेच. उणीव होती ती त्यांना एका दिशेला वळविणाऱ्या योग्य शेजाऱ्याची.