तडीस नेणे

काही वर्षांपूर्वी काशीतल्या मराठी घाटांविषयीचा एक लेख मी इंग्रजीत आणत होते. मूळ लेखात साधं वाक्य होतं: ‘पेशव्यांना काशी मिळवता आली नाही.’ मी लिहिलं, ‘द पेशवाज कुड नॉट अचीव्ह काशी.’ संपादकांनी त्या क्रियापदाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘शहर अचीव्ह करता येत नाही.’ तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलेल्या आणि भाषांतरावर पोट भरणाऱ्या बाईला आठवीतलं व्याकरण शिकवल्यासारखं वाटलं. रागावलेच. मग कोश उघडला आणि राग गिळला.

त्यांचं बरोबर होतं. ‘अचीव्ह’ या क्रियापदाला सहसा कर्म लागतं, आणि तेही ठरावीक जातीचं: ध्येय, यश, कीर्ती, स्वातंत्र्य, समतोल, परीक्षेतले गुण. खटपटीच्या शेवटी जे हाती येतं ते. नोकरी, घर, पैसा ही इंग्रजीत ‘अचीव्ह’ होत नाहीत. त्यांना ‘गेट’, ‘बाय’, ‘अर्न’ असतात. मुलूख ‘अक्वायर’ किंवा ‘कॅप्चर’ होतो. शिवाय ‘शी अचीव्ह्ड टु पास’ असंही चालत नाही. ‘शी मॅनेज्ड टु पास’ म्हणावं, नाहीतर ‘शी सक्सीडेड इन पासिंग’.

आपली चूक कुठून येते तेही उघड आहे. मराठीत नोकरी मिळवतात, पैसा मिळवतात, यश मिळवतात आणि राज्यही मिळवतात. एका ‘मिळवणे’त सगळं बसतं. त्याच्या जागी एकच इंग्रजी शब्द ठेवला की निम्मी वाक्यं बिघडतात.

पण माझं वाक्य नुसतं व्याकरणात बिघडलं नव्हतं. काशी पेशव्यांना हवी होती, हे खरंच. नानासाहेबांनी 1759 साली दत्ताजी शिंद्यांना जी कामं सांगितली, त्यांत अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडून काशी-प्रयाग घेण्याचंही होतं. 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी बुराडी घाटावर पडले. शुजा अब्दालीला मिळाला. वर्षभराने पानिपत झालं. 1775 मध्ये बनारस नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. ‘मिळवण्या’चा हिशोब तिथे संपला.

आता काशीत नावेतून पंचगंगेच्या बाजूला गेलं तर काय दिसतं? भोसले घाट, ग्वाल्हेर घाट, मंगळागौरीच्या देवळाशेजारी पेशव्यांचा बालाजी घाट, आणि पंचगंगेच्या पुढे नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावाशी जोडलेले दुर्गा आणि ब्रह्मा घाट. बाजीरावाच्या काळापासून पुण्याचा पैसा इथे दगडाच्या पायऱ्यांत जात होता, आणि गावावर सत्ता दुसऱ्याचीच होती. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780च्या सुमारास उभं केलं, तेही कंपनीच्या अमलात. मुलूख हाती नसताना, दुसऱ्याच्या राज्यात, परवानग्या आणि हुंड्या सांभाळत काठ बांधून काढणं हे निराळं काम. याला ‘मिळवलं’ म्हणता येत नाही. ‘अचीव्ह्ड’ मात्र म्हणता येतं.

त्या शब्दाचं मूळ पाहिलं तेव्हा मला हे जास्त पटलं. तो जुन्या फ्रेंचमधून आला आहे. ‘आ शेफ’, म्हणजे डोक्याशी, टोकाशी. काम टोकाला नेणं. आपल्याकडे यासाठी जुना वाक्प्रचार आहे: तडीस नेणे. तड म्हणजे काठ. इंग्रजीने काम डोक्यापर्यंत नेलं, मराठीने काठापर्यंत. घाटांवरच्या लेखाचं भाषांतर करताना मला हाच शब्द सुचला नाही, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

या दोन क्रियापदांमधलं अंतर एका मराठी पुस्तकात स्वच्छ दिसतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले. बंडात सापडले, झाशीचा वेढा पाहिला, मिळवलेलं लुटलं गेलं. तरी काशीला पोचले आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक 1907 मध्ये छापून आलं. ते मिळवायला गेले ते राहिलं नाही. जे तडीस नेलं ते कर्जाच्या हिशोबात कुठेच नव्हतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद घातलं, तर गोडसेभटजींचा सगळा प्रवास सपाट होईल.

बालाजी घाटावर याचं आणखी एक उदाहरण आहे. डुमरावहून आलेले बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून इथल्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज करत. पेशव्यांच्या देवाच्या दारात एक मुसलमान मुलगा वर्षानुवर्षं तेच सूर घोटत बसे. 1947 मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर सनई वाजली आणि 2001 मध्ये भारतरत्न आलं, ते नंतर. भारतरत्न त्यांना ‘मिळालं’. इंग्रजीत ते ‘रिसीव्ह’ केलं म्हणावं लागतं, कारण सन्मान देणारा दुसरा असतो. ‘अचीव्ह’ त्यांनी काय केलं, याचं उत्तर देवडीवरच्या वाद्याला मैफलीत बसवण्यात आहे. आणि त्या वाक्याचा कर्ता तेच आहेत, घाट नाही आणि पेशवेही नाहीत. आपले मराठी लेख इथे कधी कधी कर्ता बदलतात, ‘मराठ्यांच्या मंदिराने घडवलेला कलावंत’ असं लिहून जातात. मंदिराने जागा दिली. तेवढंही कमी नाही.

शेवटी मी ते वाक्य दोन भागांत लिहिलं. पहिल्यात ‘नेव्हर अक्वायर्ड’, म्हणजे काशी त्यांच्या हाती कधीच आली नाही. दुसऱ्यात ‘अचीव्ह्ड’, आणि त्याचं कर्म म्हणून ‘अ लास्टिंग प्रेझेन्स’, म्हणजे तिथलं टिकून राहिलेलं अस्तित्व. मूळ लेखकांना फोन करून विचारलं, कारण वाक्य त्यांचं होतं आणि दुसरा भाग माझा. ते थोडं थांबून म्हणाले, ‘मराठीत हे राहूनच गेलं होतं. पुढच्या आवृत्तीत घालतो.’ मी विचारलं, मराठीत काय घालणार?

‘घाट तडीस नेले,’ ते म्हणाले.