‘स्टेशन’ : एका इंग्रजी शब्दाचा उगम, अर्थविस्तार आणि मराठीतील स्थान

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील करमाड हे जालना मार्गावरील गाव होय. येथे रेल्वेचे ‘स्टेशन’ आहे आणि पोलिसांचे ‘ठाणे’ आहे. एस.टी.चा प्रवासी सर्वत्र ‘स्टँड’वर उतरतो; महामंडळाच्या भाषेत ती जागा ‘बसस्थानक’ असते. विद्यार्थी वह्या-पेन्सिली घेतो तो ‘स्टेशनरी’च्या दुकानातून. यांपैकी ठाणे व स्थानक हे शब्द स्वकीय आणि उरलेले परकीय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शब्दांचा इतिहास या समजुतीस कितपत दुजोरा देतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

एक धातू, अनेक शाखा

‘स्टेशन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘स्टॅटिओ’पासून इंग्रजीत आला. लॅटिनमधील ‘स्टारे’ म्हणजे उभे राहणे. ‘स्टॅटिओ’ म्हणजे उभे राहण्याची, थांबण्याची किंवा पहाऱ्याची जागा. १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. पुढे तौलनिक भाषाशास्त्राने ते सिद्ध केले. त्यानुसार लॅटिन ‘स्टारे’ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच मूळ धातूचे अवशेष ठरतात. स्थान, स्थानक, संस्था, संस्थान हे शब्द एका शाखेचे. स्टेशन, स्टेट, इस्टेट हे दुसऱ्या शाखेचे. इंग्रजीतील ‘स्टँड’ व फारसीतील ‘-स्तान’ हा प्रत्यय हेही याच कुळातील. संस्कृत ‘स्थान’ प्राकृतात ‘ठाण’ झाले. त्यातूनच मराठीस ठाणे, ठाणेदार आणि ‘ठाण मांडणे’ हा वाक्प्रचार मिळाला.

या नात्याचे बोलके उदाहरण भारतीय रेल्वेच्या प्रारंभीच सापडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली. शिलाहारकालीन लेखांत या नगराचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो. म्हणजे इंग्रजी ‘स्टेशन’ ज्या गावी येऊन थांबले, त्या गावाच्या नावातच त्या शब्दाचा आप्त होता.

इंग्रजीतील अर्थविस्तार

इंग्रजीत ‘स्टेशन’ शब्दाने अनेक अर्थ धारण केले. माणसाचा सामाजिक दर्जा, आरमाराचा तळ, ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनामार्गावरील चौदा टप्पे हे त्यांपैकी काही होत. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या परिसरात स्थिर दुकान मांडून ग्रंथ पुरविणाऱ्यास ‘स्टॅशनारिअस’ म्हणत. फिरस्त्या विक्रेत्याहून त्याचे वेगळेपण या नावातच होते. लंडनमधील ‘स्टेशनर्स’ संघास १५५७ मध्ये राजसनद मिळाली. मराठीतील ‘स्टेशनरी’ हा शब्द या ग्रंथव्यवहाराची आठवण आजही वागवितो. रेल्वे येण्यापूर्वीच हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी ज्या गावी राहत, त्या गावालाही ते ‘स्टेशन’ म्हणत. महाबळेश्वर व माथेरान यांस चिकटलेले ‘हिल स्टेशन’ हे नाव त्याच वापरातले. रेल्वेचा थांबा हा अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे.

मराठवाड्यातील आगमन

मराठवाड्यात हा शब्द १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेच्या मीटरमापी मार्गासह आला. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा हा मार्ग ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’कडे होता. करमाड याच मार्गावर आहे. रेल्वेच्या नावातील ‘स्टेट’, त्याचा मराठी पर्याय ‘संस्थान’ आणि मार्गावरील प्रत्येक ‘स्टेशन’ हे तिन्ही शब्द एकाच धातूचे असावेत, हा योगायोग लक्षणीय आहे.

ग्रामीण मराठीने या शब्दाचे ‘ठेसन’ केले. सुशिक्षितांनी त्यास अपभ्रंश मानले. परंतु ‘मुष्टि’ची मूठ आणि ‘दृष्टी’ची दिठी ज्या वळणाने झाली, त्याच वळणाचे हे रूप आहे. लोकांच्या जिभेने अनोळखी शब्दाला भाषेच्या जुन्या वाटेवरून आत घेतले.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीने आणि १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने मराठी पर्यायांचा पुरस्कार केला. तरीही ‘स्थानक’ने ‘स्टेशन’ची जागा पूर्णपणे घेतली नाही. लेखनात व उद्घोषणेत स्थानक रुळले, बोलण्यात स्टेशन राहिले, पोलिसांकडे ठाणे कायम राहिले. यावरून शब्दांचे टिकणे त्यांच्या कुळावर नव्हे, तर त्यांनी वाटून घेतलेल्या कामावर अवलंबून असते, असे दिसते. ‘ठाणे’ सत्तेच्या पहाऱ्याचे, ‘स्टेशन’ प्रवाशाच्या थांब्याचे. मूळ लॅटिन शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र होते. मराठीने ते दोन शब्दांत विभागले.

समारोप

या विभागणीचे मोल करमाडच्या अलीकडील इतिहासात प्रत्ययास येते. ८ मे २०२० रोजी पहाटे, टाळेबंदीच्या काळात, बदनापूर व करमाड यांच्या दरम्यान मालगाडीखाली सोळा स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले. मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते आणि थकून रुळांवरच विसावले होते. प्रवासी गाड्या बंद असल्याने वाटेतील स्टेशने त्यांच्या उपयोगाची नव्हती. वाटेवरच्या पहाऱ्याची धास्ती मात्र होती. ठाणे जागे होते, स्टेशन मिटलेले होते.

‘स्टेशन’ आणि ‘स्थानक’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, हा वाद दोघांचे कूळ एकच असल्याने गौण ठरतो. उभे राहण्यास, क्षणभर थांबण्यास हक्काची जागा हा दोन्ही शब्दांचा आद्य अर्थ आहे. तो अर्थ कोणाच्या वाट्यास येतो आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न शब्दकोशात सुटणारा नाही. तो समाजाच्या इतिहासाचा आहे.