औषधाची पुडी व औषधाची यादी

आटगांव हें शहापूर तालुक्यांतील, आसनगांव व कसारा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेलें गांव. १८६१ सालीं हा लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोंचला व १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस गेला. गाडी आली, तरी आंतील पाड्यांवरच्या वारली, ठाकूर, कातकरी बांधवांची पायपीट संपली नाहीं. एवढी वाट तुडवून रोगी रुग्णालयाच्या औषधखिडकीशीं उभा राहतो, तेव्हां त्याच्या हातीं काय पडावें, या प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

हिंवताप हा रानमुलखाचा जुना वैरी. त्यावरील सिंकोना वृक्षाची साल सतराव्या शतकांत येशूसंघीयांनीं पेरू देशांतून युरोपांत पोंचविली, म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ असें नांव पडलें. रोम येथें कार्डिनल जुआन दे लुगो यांनीं ती गोरगरिबांस फुकट वांटिली. आणि तेथील येशूसंघीय औषधालयानें ती किती व केव्हां घ्यावी हें सांगणारें पत्रकही काढिलें. १८२० सालीं पेलेत्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं त्या सालींतून क्विनीन वेगळें केलें. पुढें १८९२ पासून बंगालमध्यें टपालकचेऱ्यांतून पैशास एक पुडी मिळूं लागली. वाचकहो, यांत दोन तत्त्वें आलीं: औषध गरिबाच्या आवाक्यांत असावें, आणि तें कसें घ्यावें हें त्यास कळावें.

पुढें औषधें उदंड झालीं, तेव्हां त्यांतील अत्यावश्यक कोणतीं हें ठरविणें प्राप्त झालें. १९७५ सालीं हाथी समितीनें भारतापुरता हा विचार मांडिला. १९७७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सुमारें २०० औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ सालीं निघाली. २०२२ च्या आवृत्तींत ३८४ औषधें आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या दंशावरील प्रतिविष तींत आहे. साखर-मिठाची साधी क्षारसंजीवनीही आहे. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं तिचा उपयोग केला, तेव्हां पटकीचे मृत्यु शेंकडा ३० वरून ४ हूनही खालीं आले.

परंतु यादी भिंतीवर टांगल्यानें रोग बरा होत नाहीं. म्हणून १९९३ सालीं त्याच संघटनेनें कसोट्या घालून दिल्या: एका रोग्यास सरासरी किती औषधें लिहिलीं, मूळ नांवानें व यादींतील किती, प्रतिजैविकें व इंजेक्शनें किती प्रसंगीं दिलीं, लिहिलेल्यांपैकीं हातीं किती पडलीं, पाकिटावर मात्रा लिहिली काय, आणि रोग्यास ती समजली काय.

शेवटची कसोटी सर्वांत कठीण. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि कोठारांत औषध नसेल, तर वीटभट्टीवर राबणाऱ्यास बाहेरच्या दुकानीं एका दिवसाची मजुरी मोजावी लागते, किंवा तो रिकाम्या हातीं परततो. आणि ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याच्या पाकिटावर नुसतें ‘तीन वेळां’ लिहून काय साधणार? ताप उतरतांच तो गोळ्या अर्ध्यावर टाकितो, व रोग पुनः बळावतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ असें बोटांवर मोजून सांगावें, व त्याच्याकडूनच तें पुनः वदवून घ्यावें. यास मिनिटभर लागतें.

रोमच्या त्या पत्रकानें जें काम केलें, तेंच आज खिडकीमागें उभा असलेला औषधनिर्माता करीत असतो. तें मिनिट त्यास मिळावें, व कोठार भरलेलें असावें, एवढेंच मागणें आहे.