जुन्या फोटोत कुंकू काळं का दिसतं? ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची गोष्ट

घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोत पणजीचं कुंकू बऱ्याचदा काळंकुट्ट दिसतं. कारण असतं ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तिला निळा आणि हिरवा रंग दिसतो, लाल दिसत नाही. 1873 मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून फोटोच्या प्लेटला हिरवा दाखवला. त्याआधी तिला फक्त निळा-जांभळा कळायचा.

कोणती निवडायची?

समजा, भिवंडीजवळच्या लोनाड लेण्यांचे फोटो मोठ्या कॅमेऱ्याने काढायचे आहेत. दगड, शेवाळ आणि झाडीसाठी ही फिल्म छान. हिरवा उजळ येतो. मात्र निळं आभाळ पांढरं पडतं आणि शेंदूर लावलेला मारुती काळा होतो. तिथे पँक्रोमॅटिक फिल्मच हवी.

करड्या छटा हव्या असतील तर इलफर्ड ऑर्थो प्लस घ्या. तिचा वेग उन्हात 80, पिवळ्या बल्बच्या प्रकाशात 40. छपाईची लिथ फिल्म जवळपास फक्त काळं-पांढरंच देते. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील एक्स-रे फिल्मही चालते, पण तिच्या दोन्ही बाजूंना लेप असल्याने ओरखडे पटकन पडतात.

धुवायची कशी?

मोठा फायदा इथे आहे. गडद लाल दिव्यात फिल्म उघडता येते आणि चित्र उमटताना दिसतं. दिवा सुरक्षित आहे का, हे आधी तपासा: फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून तो पाच मिनिटं त्या उजेडात ठेवा आणि मग धुवा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा बदला.

शीट उभी धरून खाच वर उजव्या कोपऱ्यात आली, की लेपाची बाजू आपल्याकडे असते. हीच बाजू वर ठेवून शीट आधी पाण्यात, मग डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सरमध्ये घाला; शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

खरी अडचण उकाड्याची

डेव्हलपरचे तक्ते साधारण 20 अंशांसाठी असतात. भिवंडीच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. एक अंश वाढला की वेळ सुमारे 10 टक्के कमी होतो. वेळ पाच मिनिटांखाली गेला तर डाग पडू शकतात. म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवा. अचानक फरक पडला तर लेपाला सुरकुत्या पडतात आणि फोटो कायमचा जातो.